गळ्यात क्रूस, फळ्यावर आयत : अरबी भाषेने कोणाला 'अरब' केलं?

शमिका_मस्कत

गेल्या वर्षीपासून इथे मस्कतला संध्याकाळच्या अरबी वर्गाला जाते आहे. शिकवणारे सर सीरियाचे, होम्सच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातले. शब्दाच्या शेवटचा स्वर बदलला की कर्ता आणि कर्म कसे बदलतात हे शिकवताना त्यांनी फळ्यावर कुराणातली एक आयत लिहिली. 'अल्लाहच्या दासांपैकी जाणकारच त्याला भितात' असा तिचा अर्थ. अरबी वाक्यात 'अल्लाह' आधी येतो आणि 'जाणकार' शेवटी. कोण कोणाला भितो हे फक्त शेवटच्या 'अ' आणि 'उ' वरून कळतं. हे दोन स्वर उलटे लागले तर देवच विद्वानांना भितो असा अर्थ होऊन बसतो. व्याकरणाच्या वर्गात हे उदाहरण पिढ्यानपिढ्या देत आले आहेत. खाली पडलेलं डस्टर उचलायला सर वाकले तेव्हा त्यांच्या गळ्यातला छोटा क्रूस शर्टाबाहेर आला.

वर्ग सुटल्यावर मी विचारलंच. ते सहज म्हणाले, "माझे वडील अरबीचे शिक्षक होते, त्यांनी मला याच वाक्यावरून शिकवलं. याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही." बोलता बोलता हेही सांगितलं की त्यांचे पणजोबा 'मस्कुबिया'त शिकले होते. मस्कुबिया म्हणजे मॉस्कोवाल्यांची शाळा. होम्सकडे मॉस्कोची शाळा कशाला, या प्रश्नावरून माझं वाचन सुरू झालं ते अजून चालूच आहे. आतापर्यंत जे समजलं ते इथे मांडते. चुकलं तर हक्काने सांगा.

सुरुवात १८६० पासून करावी लागते. त्या वर्षी लेबनॉनच्या डोंगरात द्रूझ (इस्लाममधून फुटून निघालेला एक वेगळा पंथ) आणि मारोनी ख्रिश्चन (रोमच्या पोपला मानणारा तिथला पंथ) यांच्यात यादवी झाली आणि जुलैमध्ये दमास्कसच्या ख्रिश्चन वस्तीत कत्तल झाली. अल्जीरियातून हद्दपार होऊन तिथे राहणाऱ्या अमीर अब्दुल कादिरने हजारो ख्रिश्चनांना आसरा देऊन वाचवलं, ही त्या दिवसांतली एकच उजळ गोष्ट. बैरूतमध्ये निर्वासितांचे लोंढे आले. तिथे बुत्रुस अल-बुस्तानी नावाचा चाळिशीतला शिक्षक होता, जन्माने मारोनी, पुढे अमेरिकन मिशनऱ्यांच्या सहवासात प्रॉटेस्टंट झालेला. त्याने 'नफीर सूरिया' नावाची पत्रकं छापायला घेतली. एकूण ११ निघाली. खाली नाव नसायचं, फक्त 'देशावर प्रेम करणारा' एवढी सही. आणि वर हाक असायची, 'देशाच्या लेकरांनो'. तुम्ही एकच पाणी पिता, एकाच हवेत श्वास घेता, एकच भाषा बोलता, असं तो लोकांना परोपरीने सांगत होता.

आज हे वाचताना त्यात नवं काय असं वाटेल. पण उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या राज्यात माणूस कोण हे त्याच्या 'मिल्लत'वरून, म्हणजे पंथावरून ठरायचं. लग्न, वारसा, शाळा, सगळं पंथाच्या हातात. एका गल्लीत राहणारे दोन शेजारी कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या घरांतले होते. त्या दोघांना एकत्र बसवता येईल अशी जागा बुस्तानी शोधत होता आणि त्याच्या हाताशी होती ती फक्त भाषा. म्हणून तो आयुष्यभर तिच्यामागे लागला. १८६३ मध्ये त्याने सर्व पंथांच्या मुलांसाठी 'राष्ट्रीय शाळा' काढली, १८७० च्या सुमारास मोठा अरबी शब्दकोश पूर्ण केला, मग ज्ञानकोश हाती घेतला. तो पुरा व्हायच्या आत १८८३ मध्ये वारला.

त्याच्या बरोबरीने अल-याझिजी हे बापलेक होते, ग्रीक कॅथलिक (ग्रीक पद्धतीने उपासना करणारे पण पोपला मानणारे) पंथाचे. बाप नासिफ अरबी व्याकरणाचा जुन्या वळणाचा पंडित. मुलगा इब्राहीम याने 'जागे व्हा अरबांनो, उठा' अशी सुरुवात असलेली कविता लिहिली, ती चोरून हातोहात फिरली. पुढे कैरोत 'अल-हिलाल' मासिक काढणारा जुर्जी झैदान ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, 'अल-अहराम' काढणारे तकला बंधू लेबनॉनचे ग्रीक कॅथलिक. अरबी वृत्तपत्रं आणि मासिकं उभी करण्यात या मंडळींचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी मोठा आहे.

आता मस्कुबिया. १८८२ मध्ये रशियात शाही ऑर्थोडॉक्स पॅलेस्टाईन संस्था निघाली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तिने सीरिया-पॅलेस्टाईनमध्ये शंभरावर शाळा काढल्या. हेतू अर्थातच झारचा प्रभाव वाढवण्याचा होता. पण या शाळांमध्ये शिकवायचे अरबीतून. त्याच काळात जेझुइट आणि इतर फ्रेंच संस्थांच्या शाळांमध्ये मारोनी आणि कॅथलिक मुलं फ्रेंचमधून शिकत होती. शिवाय ऑर्थोडॉक्स लोकांचे वरचे बिशप बहुतेक ग्रीक होते. ते लोकांची भाषा बोलत नसत आणि अरब पाद्र्यांना वर चढू देत नसत. अँटिऑकच्या, म्हणजे सीरियाकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या गादीवर १७२४ नंतर पहिला अरब पॅट्रिआर्क (सर्वोच्च धर्मगुरू) बसला तो १८९९ मध्ये, मोठ्या झगड्यानंतर आणि रशियाच्या पाठिंब्याने. म्हणजे होम्सकडच्या ऑर्थोडॉक्स शेतकऱ्याला 'आपण अरब' ही जाणीव आधी चर्चमध्येच झाली, ग्रीक बिशपाशी भांडताना. मारोनींना हा अनुभव नव्हता. त्यांचा पॅट्रिआर्क त्यांच्यातलाच होता.

माझं मत असं बनत चाललंय की कोणत्या ख्रिश्चनाने स्वतःला अरब म्हणवून घेतलं हे त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याची शाळा कोणती आणि त्याचा बिशप कुठला यावर जास्त ठरलं. तुम्हाला काय वाटतं?

नगरी_वाचक

शमिकाताई, वाचता वाचता एका जागी थबकलो. बुस्तानी ज्यांच्याबरोबर काम करत होता ते मिशनरी बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे. म्हणजे आमच्या नगरचेच! याच बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली, पुढे नगरला आली आणि १८४२ मध्ये इथे त्यांचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. बैरूतला ती १८२३ मध्ये पोचली आणि १८३४ मध्ये त्यांनी माल्टाहून छापखाना हलवून तिथे नेला.

दोन्हीकडे कामाची पद्धतही तीच. आधी लोकांची भाषा शिकायची, मग बायबलचं भाषांतर, टाइप पाडायचे, शाळा काढायच्या. बैरूतचं अरबी बायबल १८६५ मध्ये पुरं झालं. एली स्मिथ या मिशनऱ्याने ते सुरू केलं, बुस्तानी आणि नासिफ अल-याझिजी मदतीला होते. स्मिथ वारल्यावर त्याचा सहकारी व्हॅन डाइकने ते काम पुढे नेलं आणि भाषा तपासायला यूसुफ अल-असीर या मुसलमान शेखाला बसवलं. कैरोच्या अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकलेला शेख ख्रिश्चनांच्या बायबलची अरबी शुद्ध करून देतो आहे, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे याच मंडळींनी बैरूतला १८६६ मध्ये जे कॉलेज काढलं तिथे सुरुवातीला वैद्यकसुद्धा अरबीतून शिकवत. १८८० नंतर तिथे इंग्रजी आली. ही फार मोठी हानी झाली असं मी मानतो.

तात्या_सातारा

लेख कष्टाने लिहिलाय, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. 'अरब राष्ट्रवाद ख्रिश्चनांनी घडवला' ही मांडणी फार जुनी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. मासिकं ख्रिश्चनांची होती, मान्य. पण मासिकं वाचून कोणी बंडाला उभं राहत नाही. अलेप्पोचा अब्दुर्रहमान अल-कवाकिबी मुसलमान होता, घराणं सय्यदांचं. खिलाफत तुर्कांकडून अरबांकडे यावी हे त्याने मांडलं ते इस्लामच्या आतून. १९११ मध्ये पॅरिसला 'अल-फतात' ही गुप्त संघटना काढणारे विद्यार्थी मुसलमान. १९१६ चं तुर्कांविरुद्धचं बंड मक्केच्या शरीफाचं.

खरी ठिणगी पडली १९०८ नंतर. 'तरुण तुर्क' हा सुधारक गट इस्तंबूलला सत्तेवर आला, हे लोक कारभार घट्ट करू लागले, आणि न्यायालयात, शाळेत, कचेरीत तुर्कीचा आग्रह वाढला. दमास्कसच्या माणसाने स्वतःच्या गावच्या न्यायालयात तुर्कीत अर्ज करायचा! हा चटका मुसलमानाला आणि ख्रिश्चनाला सारखाच बसला. १९१३ च्या जूनमध्ये पॅरिसला अरब काँग्रेस भरली तेव्हा दोन्ही धर्मांचे प्रतिनिधी जवळपास सारख्या संख्येने होते आणि अरब प्रांतांत अरबी अधिकृत भाषा करा ही त्यांची एक मुख्य मागणी होती. सीरियाचा तुर्की सेनापती जमाल पाशा याने ६ मे १९१६ रोजी बैरूत आणि दमास्कसच्या चौकांत ज्यांना फासावर चढवलं त्यांच्यातही दोन्ही धर्मांचे लोक होते. सीरिया-लेबनॉनमध्ये हा दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळत आले आहेत.

शमिका_मस्कत

तात्या, मान्य. 'घडवला' असं मी म्हटलं नव्हतं, पण माझ्या मांडणीचा कल तिकडे झुकतो हे खरं. फक्त एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. मुसलमान अरबाला भाषा हा अनेक आधारांपैकी एक होता. ख्रिश्चन अरबाला तो एकमेव होता. म्हणून तो तिला जास्त घट्ट धरून होता.

तुम्ही तुर्कीचा विषय काढलात म्हणून साती अल-हुस्रीबद्दल लिहिते. भाषा म्हणजेच राष्ट्र हे सूत्र अरबांना ज्याने पद्धतशीर शिकवलं तो हा माणूस. १८८० मध्ये येमेनच्या साना शहरात जन्म, वडील उस्मानी अधिकारी. वाढला तुर्कीत, शिकला तुर्कीत, पहिली पुस्तकं तुर्कीत लिहिली, आणि अरबी अखेरपर्यंत तुर्की उच्चारांनी बोलत असे. साम्राज्य कोसळल्यावर चाळिशीत त्याने अरब व्हायचं ठरवलं. जर्मनीचे तुकडे होते तरी जर्मन एक राष्ट्र होते कारण त्यांची भाषा एक होती, हा धडा त्याने फिख्टे आणि हर्डर या जर्मन विचारवंतांकडून घेतला आणि १९२० च्या दशकात इराकच्या शाळांमध्ये रुजवला. त्याच्या व्याख्येत धर्माला जागा नव्हती. ख्रिश्चन, ज्यू, शिया, जो अरबी बोलतो तो अरब.

पण या व्याख्येची पुढची पायरीही त्यानेच सांगितली: अरबी बोलणारा अरबच आहे, त्याची इच्छा असो वा नसो. बुस्तानी लोकांना विनवत होता. हुस्री हुकूम देतो आहे. माझ्या मते पुढचं पुष्कळसं दुःख या एका वाक्यात आहे.

आणि व्यवहारात हुस्रीला ती व्याख्या स्वतःलाही पाळता आली नाही. नजफचा तरुण कवी मुहम्मद महदी अल-जवाहिरी, जो पुढे इराकचा सर्वांत मोठा अभिजात कवी ठरला, १९२७ मध्ये बगदादला शिक्षक म्हणून लागला. हुस्रीने त्याच्या इराकी नागरिकत्वावरच शंका घेतली आणि इराणच्या निसर्गाचं वर्णन करणाऱ्या कवितेवरून त्याची नोकरी गेली. जवाहिरी शिया, नजफच्या विद्वान घराण्यातला. शियांचा संबंध इराणशी जोडला की अस्खलित अरबीसुद्धा पुरी पडत नसे.

लाल_देऊळ_पुणे

मी पुण्यात कॅम्पात वाढलो. ओहेल डेव्हिड सिनेगॉगला आम्ही सगळे लाल देऊळच म्हणतो. ते बांधवणारे डेव्हिड ससून बगदादचे. १७९२ मध्ये जन्म, १८६४ मध्ये पुण्यात निधन, आणि देवळाच्या आवारातच त्यांची कबर आहे. लहानपणी वाटायचं हे लोक इंग्रज. मोठेपणी कळलं की त्यांची घरची भाषा अरबी होती. लिपी हिब्रू, भाषा अरबी. १८५५ पासून काही वर्षं मुंबईत अशा हिब्रू अक्षरांतलं अरबी वर्तमानपत्र निघत होतं. मुंबईत! बैरूतला बुस्तानीची पत्रकं निघायच्या पाच वर्षं आधी आपल्याकडे अरबी छापली जात होती, फक्त ती अक्षरं बैरूतच्या मुसलमानाला किंवा ख्रिश्चनाला वाचता आली नसती. आणि बुस्तानीला जे हवं होतं ते यांना नको होतं. व्यापाराची पत्रं आपल्या माणसांतच राहावीत हेच बरं होतं.

यावरून बगदादच्या बोलींबद्दल जे वाचलं ते सांगतो. बगदादमध्ये मुसलमान एक अरबी बोलत, ज्यू दुसरी आणि ख्रिश्चन तिसरी. एकच शहर, एकच बाजार. 'मी म्हणालो' याला मुसलमान 'गेलेत' म्हणे. ज्यू आणि ख्रिश्चन 'क़ेल्तू' म्हणत, घशातल्या खोल 'क़'ने. भाषाशास्त्रज्ञ हाइम ब्लांक यांनी १९६४ मध्ये यावर मूलभूत काम केलं. त्यांचा निष्कर्ष मला थक्क करून गेला. मुसलमानांची बोली ही नंतर शहरात येऊन वसलेल्या भटक्या अरब टोळ्यांच्या वळणाची. ज्यू आणि ख्रिश्चनांनी जपली ती जुन्या, अब्बासी काळच्या बगदादची नागर बोली. म्हणजे ज्यांना पुढे 'तुम्ही अरब नाही' असं सांगून घालवलं, त्यांच्याच तोंडी त्या शहराची जुनी अरबी होती. मोसूलमध्ये मात्र मुसलमानही क़ेल्तूच म्हणतात, म्हणजे हा धर्माचा उच्चार मुळीच नव्हे.

माधवी_के

लाल देऊळ, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. बगदादच्या ज्यूंचं पुढे काय झालं तेही लिहा ना कोणीतरी.

लाल_देऊळ_पुणे

माधवीताई, थोडक्यात लिहितो. १९२१ मध्ये राजा फैसलने ज्यूंच्या सभेत येऊन सांगितलं की देशाच्या बाबतीत मुसलमान, ख्रिश्चन, ज्यू हे शब्द मला ठाऊक नाहीत, सगळे इराकी. नव्या इराकचा पहिला अर्थमंत्री ज्यू होता, सासून एस्केल. १९२९ मध्ये अन्वर शाऊल या ज्यू कवीने बगदादमध्ये 'अल-हासिद' हे अरबी साप्ताहिक काढलं. १९३२ मध्ये कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली तेव्हा इराकचा गायक मुसलमान होता आणि वादक जवळपास सगळे ज्यू. हे लोक स्वतःला अरबी संस्कृतीचे वारस समजत होते आणि होतेच.

मग १९४१ च्या जूनमध्ये 'फरहूद' झाला, दोन दिवसांची लूट आणि हत्या. १९४८ चं युद्ध झालं. १९५० मध्ये कायदा आला की नागरिकत्व सोडा आणि जा, आणि १९५१ मध्ये जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवली गेली. सुमारे १,२०,००० लोक विमानांनी इस्रायलला गेले. त्यांच्यात १३ वर्षांचा समीर नक्काश होता. तो पुढे लेखक झाला आणि २००४ मध्ये मरेपर्यंत, बहुतेक काळ इस्रायलमध्ये राहून, फक्त अरबीत लिहीत राहिला. संवाद बगदादी बोलींत लिहायचा आणि खाली तळटिपांत प्रमाण अरबीत अर्थ द्यायचा. वाचक मिळाले नाहीत तरी भाषा सोडली नाही. अन्वर शाऊल मागे थांबला होता, त्यालाही १९७१ मध्ये बगदाद सोडावं लागलं.

रामलाची_लेक

मी नेहमी फक्त वाचते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आजी अलिबागची, माझा जन्म इस्रायलमध्ये रामला गावातला. मराठी आजीमुळे आली. आमच्या शेजारी एक इराकी आजी राहत. १९५१ मध्ये तंबूंच्या छावणीत आलेल्या. माझ्या आजीला हिब्रू जेमतेम, त्यांनाही जेमतेम. एकीची मराठी, दुसरीची अरबी. तरी दुपारी दोघी जिन्यात बसून बोलायच्या. कसं ते मला फार उशिरा कळलं. साबण, दुकान, हिशेब, कंदील. हे शब्द दोघींकडे होते! साबून, दुक्कान, हिसाब, क़न्दील. एवढ्या भांडवलावर दोघींनी वीस वर्षं शेजार केला.

त्या इराकी आजी कोपऱ्यावरच्या अरब दुकानदाराशी मोकळेपणाने अरबीत बोलायच्या. पण बसमध्ये बसल्या की आवाज एकदम खाली. मुलांना तर त्यांनी अरबी शिकवलीच नाही. ती शत्रूची भाषा आहे असं शाळेत मुलांच्या कानावर पडायचं. माझी आजी मात्र पेसाह सणाच्या रात्री मराठीतली हगादा (त्या रात्री वाचायची पोथी) मोठ्याने वाचायची, खिडकी उघडी ठेवून. मराठी ऐकून कोणी दचकत नसे. आमचे लोक तिथे 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढत आले. आम्हालाही कमी लेखलं गेलं, आमच्या ज्यू असण्यावर धर्मपीठाने १९६० च्या सुमारास शंका घेतल्या, लोकांना आंदोलन करावं लागलं. पण आमची भाषा कोणाच्या शत्रूची नव्हती. या एका गोष्टीने किती फरक पडतो ते मी जिन्यात बसून पाहिलं आहे.

वसईवाला

रामलाची लेक, तुमच्या प्रतिसादाला काय म्हणू. नि:शब्द.

मी वसईचा कॅथलिक. घरात कादोडी ही वसईची बोली बोलतो, शाळा मराठी, मिस्सा मराठीतून. वडिलांच्या लहानपणी ती लॅटिनमध्ये होती, व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर बदलली. त्यामुळे शमिकाताईंच्या सरांचा क्रूस मला अगदी जवळचा वाटला.

एक अरबी वचन मी वाचलं होतं: 'अबत अल-अरबिया अन ततनस्सर', अरबी ख्रिस्ती व्हायला नकार देते. १९ व्या शतकात ख्रिश्चन लेखकांना हे ऐकवलं जायचं. म्हणजे तुम्ही कितीही शब्दकोश लिहा, या भाषेचं सौंदर्य कुराणाचं आहे, ती तुमची कधी होणार नाही. हे वाचलं तेव्हा मला २०२० चं उस्मानाबादचं साहित्य संमेलन आठवलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडून आले आणि ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा म्हणून विरोध सुरू झाला. ज्या माणसाने 'सुवार्ता' हे मासिक वर्षानुवर्षं मराठीत चालवलं, बायबल मराठीत आणलं, त्याला हा प्रश्न. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ओवीत ख्रिस्तपुराण छापलं त्याला चारशे वर्षं उलटली होती. संमेलन झालं, लोकांनी त्यांना प्रेमाने ऐकलं, हेही तितकंच खरं. पण तो प्रश्न आम्हाला लागला, आणि इथे मांडावासा वाटला.

शमिका_मस्कत

वसईवाला, तुम्ही नेमका दुखरा भाग सांगितलात. त्या वचनाला ख्रिश्चन अरबांनी दिलेलं सर्वांत धाडसी उत्तर म्हणजे मिशेल अफलाक. दमास्कसचा ऑर्थोडॉक्स, बाथ या अरब राष्ट्रवादी पक्षाचा एक संस्थापक. एप्रिल १९४३ मध्ये दमास्कसच्या विद्यापीठात त्याने पैगंबरांच्या स्मरणार्थ भाषण केलं. मुहम्मद म्हणजे त्या काळी सारे अरब होते, आज साऱ्या अरबांनी मुहम्मद व्हावं, असा त्याचा सूर. इस्लाम हा धर्म म्हणून माझा नसेल, पण अरबांच्या प्रतिभेचा सर्वोच्च आविष्कार म्हणून तो माझाही आहे, अशी त्याची भूमिका. १९८९ मध्ये तो वारला तेव्हा बगदादच्या सरकारने जाहीर केलं की त्याने मुसलमान धर्म स्वीकारला होता. ते खरं की नाही यावर वाद आहे. मला मात्र वाईट याचं वाटतं की शेवटी कोणालातरी ते जाहीर करण्याची गरज भासली.

त्याच पक्षाच्या मुळाशी दुसरा एक माणूस आहे, झकी अल-अर्सूझी, अलवी पंथाचा. तो अँटिऑकच्या बाजूला वाढला. तो इलाखा फ्रेंचांनी १९३९ मध्ये तुर्कस्तानला देऊन टाकला, त्याआधी तिथल्या अरबांचा तो पुढारी होता. गाव गेलं, मग त्याने भाषेतच घर केलं. अरबी शब्द निसर्गातून उगवलेत असं तो मानायचा. 'उम्म' म्हणजे आई, म्हणून 'उम्मा', राष्ट्र, हे एका गर्भाचे लोक. भाषाशास्त्र म्हणून हे टिकणारं नाही. पण कट्टर सुन्नी ज्याला मुसलमानही मानत नाहीत अशा माणसाने आपलं राष्ट्र मशिदीऐवजी धातुपाठात शोधलं, हे मला फार समजण्यासारखं वाटतं.

दुर्गेश_ठाणे

मारोनींचं अर्धवट राहिलं. त्यांची भाषाही अरबीच ना? मग ते 'आम्ही फिनिशियन' का म्हणू लागले?

शमिका_मस्कत

दुर्गेश, फिनिशियन म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे, अरबांच्या पुष्कळ आधीचे दर्यावर्दी लोक. त्यांचे वंशज आहोत असं सगळे मारोनी नाही म्हणत. बुस्तानी जन्माने मारोनीच होता, खलील जिब्रान मारोनी. पण प्रवाह होता आणि जोरात होता. त्यांची प्रार्थनेची जुनी भाषा सिरियॅक, म्हणजे अरामीची एक शाखा. कित्येक शतकं ते अरबी मजकूरसुद्धा सिरियॅक अक्षरांत लिहीत, त्याला गर्शूनी म्हणतात. १५८४ पासून रोममध्ये त्यांचं स्वतःचं कॉलेज. १६१० मध्ये लेबनॉनच्या क़ोझहया मठात स्तोत्रसंहिता छापली ती याच अक्षरांत. त्यात १८६० ची कत्तल, मग फ्रेंच शाळा. १९१९ मध्ये शार्ल कोर्मने फिनिशियावरचं मासिक काढलं ते फ्रेंचमध्ये. शेवटचं टोक म्हणजे कवी सईद अक्ल. सुरुवातीला त्याने उत्तम अभिजात अरबीत लिहिलं, मग म्हणू लागला की लेबनानी ही वेगळीच भाषा आहे, आणि १९६१ मध्ये रोमन अक्षरांवर बेतलेल्या स्वतःच्या लिपीत कविता छापल्या. ती लिपी रुजली नाही.

राज्यघटनेतही ही ओढाताण दिसते. १९२६ मध्ये अरबी आणि फ्रेंच दोन्ही अधिकृत, १९४३ मध्ये अरबी एकटी राष्ट्रभाषा. त्याच वर्षीच्या तडजोडीत लेबनॉनचा 'चेहरा अरब' आहे असं ठरलं. फक्त चेहरा! यादवी थांबवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या ताइफ करारात तो 'ओळखीने आणि नात्याने अरब' झाला, पण तोवर यादवी युद्धाची १४ वर्षं उलटली होती.

तात्या_सातारा

इथे एक जोडावंसं वाटतं. धर्म एक आणि भाषा वेगळी असणाऱ्यांना या भाषिक राष्ट्रवादाने काय दिलं? सीरियाच्या उत्तरेतले कुर्द बहुतेक सुन्नी मुसलमान. १९६१ मध्ये देशाच्या नावातच 'अरब' शब्द आला आणि १९६२ च्या हसकाच्या जनगणनेत सुमारे १,२०,००० कुर्दांचं नागरिकत्व काढून घेतलं. मशिदीत शेजारी उभा राहणारा माणूस देशात परका झाला. बुस्तानीने भाषेचं दार उघडलं ते पंथांसाठी. पण दार म्हटलं की उंबरठाही आला.

आणि धर्म व भाषा यांची जोडी लावायची सवय ज्यांना आहे त्यांनी दमास्कसच्या उत्तरेला मआलूला बघावं. तिथे अजून पश्चिमी अरामी बोलतात, येशूच्या भाषेच्या कुळातली. मआलूला मुख्यतः ख्रिश्चन म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तीच भाषा बोलणारी शेजारची दोन गावं, जुब्बादीन आणि बखआ, मुसलमानांची आहेत.

माधवी_के

आजच्या इस्रायलमध्येही असंच काही चाललंय ना? अरबी बोलणाऱ्या काही ख्रिश्चनांना 'अरामी' अशी वेगळी नोंद मिळते असं वाचलं होतं.

रामलाची_लेक

हो, २०१४ मध्ये गृहखात्याने ती नोंद मान्य केली. उत्तरेतल्या जिश गावातले काही मारोनी मुलांना अरामी शिकवतात. पुष्कळ ख्रिश्चनांना हे आपल्याच लोकांपासून तोडणं वाटतं. द्रूझांचं त्याही आधीचं. १९५६ पासून त्यांच्या मुलांना सक्तीची लष्करी सेवा आहे, पुढे त्यांची धर्मसमाज म्हणून वेगळी नोंद झाली. तरी समीह अल-कासिमसारखा द्रूझ कवी सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगात गेला आणि आयुष्यभर अरबीत लिहिलं. २०१८ च्या कायद्याने अरबीचा अधिकृत दर्जा काढून 'विशेष' दर्जा दिला तेव्हा सगळ्यात जास्त दुखावले ते द्रूझ.

लाल_देऊळ_पुणे

रामलाची लेक, एक विनंती. तुमच्या शेजारच्या आजी 'मी म्हणाले' याला काय म्हणायच्या, आठवतं का? इतक्या वर्षांनी विचारणं बरोबर नाही, पण ज्याने तो शब्द कानाने ऐकला आहे असं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

रामलाची_लेक

दादा, मला आठवत नव्हतं म्हणून काल त्यांच्या लेकीला फोन केला. ती आता सत्तरीची आहे. ती म्हणाली, मला अरबी येत नाही. मी म्हटलं, आई भांडण सांगायला लागली की सुरुवात कशी करायची? थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "क़ेल्तू-ला, क़ेल्तू-ला..." मी तिला म्हणाले, मी तिला म्हणाले. घशातून, खोल. आणि मग आम्ही दोघी फोनवर बराच वेळ रडलो.